मुडदुशीच्या पित्तातली चंद्रकोर : दीड वर्षाच्या कामाच्या नोंदी

मी मालवणजवळ एका कॉलेजात झूलॉजी शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएचडी रेटते. मुडदुशी या माशाच्या पित्ताच्या पिशवीत एक मिक्सोझोआ (माशांत राहणारा सूक्ष्म परजीवी) सापडला, कुणी वर्णन केलेल्या जातीशी जुळेना, म्हणून नवीन जात म्हणून लिहायला घेतला. त्या कामाच्या या नोंदी, वहीतून उतरवलेल्या, थोड्या साफ करून. शिव्या काढल्यात, चुका तशाच ठेवल्यात.

जातीचं नाव इथे टाकत नाहीये, ते मुद्दाम. रीतसर वर्णनाशिवाय नाव आधीच बाहेर फुटलं तर ते 'नोमेन न्यूडम' होतं, म्हणजे शब्दशः नागडं नाव, कागदावर असून नसल्यासारखं, आणि पुढच्या माणसाच्या डोक्याला ताप. म्हणून इथे तिला चंद्रकोरच म्हणते. का ते कळेलच.

८ ऑक्टोबर २०२३
बाजारातून मुडदुशीचे दोन वाटे, १४ मासे. बर्फातले होते, कधी मेले देव जाणे. १४ पैकी ९ माशांत पित्ताची पिशवी फुटलेली, आतलं सगळं हिरवंपिवळं झालेलं. उरलेल्या पाचांचं पित्त स्लाइडवर घेतलं, घट्ट वाटलं म्हणून वर डिस्टिल्ड वॉटरचा थेंब सोडला (हे करू नका). काही फुगलेले गोळे, काही तुकडे, त्यातलं काय परजीवी आणि काय माशाच्याच पेशी काहीच सांगता येईना. दिवस गेला. मासे मात्र वाया गेले नाहीत, आईने तळले.

१५ ऑक्टोबर
घटस्थापना. घरात आजपासून नऊ दिवस मासा नाही, त्यामुळे फ्रीजमध्येही ठेवायला बंदी. पहाटे दांडीच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतायत कळलं म्हणून गेले. ओळखीचे काका होते, ते म्हणाले, "काय गो, मासो खावचो सोडून पित्त कसला घेतंस?" मी काहीतरी समजावलं. त्यांनी हसत हसत जिवंत तडफडणाऱ्या ११ मुडदुशी पाटीत टाकून दिल्या, पैसे घेतले नाहीत.

समुद्राच्या पाण्याच्या बादलीतच कॉलेजला नेल्या आणि एकेक करून लगेच उघडल्या. पिशवीची नळी चिमट्याने दाबून धरायची, मग पलीकडून कापायची, नाहीतर हातात येईपर्यंत रिकामी होते. पित्तात काहीही न घालता तसाच थेंब, कव्हरस्लिप, ४०एक्स.

पहिल्या तीन माशांत काही नाही. चौथ्यात मात्र थेंबभर चंद्रकोरी! बारीक काचेच्या चंद्रकोरी, टोकं निमुळती, बरोबर मधोमध जोडाची एक रेघ आणि रेघेच्या दोन बाजूंना दोन चमकदार मणी, डोळे वटारल्यासारखे. ते मणी म्हणजे पोलर कॅप्सूल, आत दोरा गुंडाळलेला असतो, जेलीफिशच्या डंख मारणाऱ्या पेशींचेच हे भाऊबंद. (मिक्सोझोआला कित्येक वर्षं प्रोटोझोआत टाकलेलं होतं, आता तो जेलीफिशच्याच खानदानातला धरतात. आमच्या लायब्ररीतल्या पुस्तकात अजून जुनंच आहे.) स्पोअर्सच्या (म्हणजे या चंद्रकोरींच्या) शेजारी प्लाझमोडियम पण दिसले (मलेरियाचा नव्हे, ज्याच्या पोटात स्पोअर तयार होतात ती अवस्था), थेंबासारखे, एका टोकाने धाग्यासारखे पाय काढत हळूहळू सरकणारे, आणि एकाच्या पोटात दोन अर्ध्या तयार चंद्रकोरी पाठीला पाठ लावून. मी वीस मिनिटं नुसती बघत बसले, फोटो काढायचं सुचलं तेव्हा थेंब कडेने सुकायला लागला होता.

पिशवीत राहणारा, चंद्रकोरीसारखा, दोन शिंपल्यांचा, म्हणजे सेराटोमिक्सा. हा जीनस (जवळच्या जातींचा गट) थेलोआनने १८९२ साली केलेला. यात आजवर शेकडो जाती आहेत, त्यामुळे "नवीन" म्हणायची घाई करायची नाही असं वहीत लाल पेनाने लिहून ठेवलं.

२८ ऑक्टोबर
मोजमाप. ४० स्पोअर मोजले. आकडे एकदम छान एकसारखे आले, लांबी २१ च्या आसपास मायक्रॉन, जाडी ६ च्या आसपास. खूश. आज कोजागरी, रात्री ग्रहण पण आहे, दूध लवकर आटवून घेतलं.

२५ नोव्हेंबर
फोटोंचं रडगाणं. स्पोअर लोळतात. एक सरळ, एक तिरका, एक उभा, एकाचा मणी फोकसमध्ये तर दुसऱ्याचा नाही. जुनी युक्ती अशी की स्लाइडवर अगारचा पातळ थर द्यायचा, वर थेंब, वर कव्हरस्लिप, मग स्पोअर दाबून एका पातळीत बसतात. लॅबचं अगार संपलेलं, खरेदीची फाइल सहीसाठी कुठेतरी पडलेली. म्हंटलं अगार म्हणजे चायना ग्रासच ना, किराणा दुकानातून ४० रुपयांचं पाकीट आणलं. थर बसला मस्त, पण त्यात इतका बारीक कचरा की दर दुसरा कण मला स्पोअर वाटायचा. कापडातून गाळलं, फिल्टर पेपरातून गाळलं (दोन तास, अर्ध्यात गोठलं), शेवटी नाद सोडला. शेजारच्या डिपार्टमेंटमधून मायक्रोबायोलॉजीचं अगार चार चमचे उसनं आणलं, दीड टक्क्याचा थर दिला, पहिल्या स्लाइडला काम झालं. चायना ग्रासची खीर झाली.

९ डिसेंबर
आज स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

दोन आठवडे जुन्या पेपरांतले आकडे एका एक्सेलमध्ये भरत होते, जात, मासा, ठिकाण, स्पोअरची लांबी, जाडी, कॅप्सूलचा व्यास. माझ्या आकड्यांशी काहीच जुळेना, जवळपासही नाही. मला वाटलं किती वेगळी जात सापडली! मग एका पेपरातली आकृती नीट बघितली, तिच्यावर बाण होते. सेराटोमिक्सात 'लांबी' ही जोडाच्या रेघेच्या दिशेने मोजतात. म्हणजे चंद्रकोर जी आपल्याला आडवी लांबच लांब दिसते ती तिची लांबी नाहीच, ती थिकनेस, जाडी. लांबी म्हणजे ती छोटी उंची. लोम आणि आर्थर यांनी १९८९ साली मिक्सोस्पोरियाचं वर्णन कसं करावं याचे नियम लिहिले, पाच-सहा पानं आहेत, मी ती डाउनलोड करून ठेवली होती आणि वाचली नव्हती. वर जुन्या पेपरांत त्याच मापाला कुणी विड्थ म्हणतं कुणी ब्रेड्थ, तोही घोळ.

कॉलम उलटे केले. आता निदान सहा जाती माझ्या चंद्रकोरीच्या आसपास यायला लागल्या. नवीनपणाचा माज उतरला. ४० पैकी १३ स्पोअर तिरके होते असं फोटोंवरून दिसलं, ते काढून टाकले, अगारवर नवे मोजून ५० पूर्ण केले. लांबी ५.५ ते ७, जाडी १८.५ ते २४, कॅप्सूल साधारण अडीच मायक्रॉन.

एक बरं झालं, २ टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) सोडल्यावर कॅप्सूलमधला दोरा बाहेर सुटला. फिरकीतून मांजा सुटतो तसा, सर्रकन. तीन-चार वेटोळी मोजता आली.

२० जानेवारी २०२४
डीएनए. आमच्याकडे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायचं यंत्र) नाही, कोल्हापूरला मैत्रिणीच्या लॅबमध्ये करायचं. घाट चढून चार-पाच तास, एसटीत बायकांना अर्धं तिकीट ही या प्रकल्पाला मिळालेली एकमेव ग्रँट. सहा सॅम्पल नेली, किट १६,५०० चं, ५० सॅम्पलचं.

जेलवर काहीच नाही. एकही बँड (डीएनए आल्याची रेघ) नाही. तुलनेला ठेवलेला कंट्रोल लख्ख.

२१ जानेवारी
परत केलं, परत काही नाही. मैत्रीण ट्यूब उजेडात धरून म्हणाली, "अगं, हे हिरवट का आहे?" पित्त! पित्तातले क्षार पीसीआरच्या एन्झाइमला काम करू देत नाहीत. मी पित्त आणि पिशवी सगळं एकत्र अल्कोहोलमध्ये घातलं होतं आणि तसंच किटमध्ये ओतलं होतं. पैसे गेले, दोन दिवसांची रजा गेली.

१० फेब्रुवारी
नवीन पद्धत, जी शेवटपर्यंत चालली: पित्त वेगळ्या ट्यूबमध्ये, पाच मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, वरचं हिरवं काढून टाकायचं, पीबीएसने (मिठाच्या बफरने) तीन वेळा धुवायचं, पाणी नितळ येईपर्यंत. मगच ९५ टक्क्यांच्या वर अल्कोहोल. आणि पीसीआरला डीएनए दहापट पातळ करून घालायचा, उरलेसुरले क्षारही पातळ होतात. जुन्या सहा ट्यूब पण पातळ करून लावल्या. बँड! सगळ्यांना! मैत्रिणीने मिसळ खायला घातली.

२ मार्च
सिक्वेन्स आले. ब्लास्ट केलं, म्हणजे जगभरच्या सिक्वेन्सशी ताडून बघितलं. माझा परजीवी ९९ टक्के... मासा आहे.

प्रायमर (पीसीआरने कुठला डीएनए उचलायचा ते ठरवणारे छोटे तुकडे) घेतले होते ईआरआयबीची जोडी, ते सगळ्या युकॅरिओटना चालतात, आणि ट्यूबमध्ये माशाच्या पेशी स्पोअरपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे सहा सॅम्पल, दोन्ही बाजूंनी बारा रिअॅक्शन, ५५० रुपये एक, माशाची १८एस (एक जीन) वाचण्यात खर्च. मिसळ पण परत द्यावी का असं मैत्रिणीला विचारलं.

जुन्या ट्यूब टाकून देणार होते. मैत्रिणीने फ्रीझरच्या तळाला ढकलल्या, म्हणाली असू देत, जागा आहे. (हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.)

१४ एप्रिल
आता पहिल्या फेरीचं प्रॉडक्ट घेऊन दुसरी फेरी मिक्सोस्पेक प्रायमरनी, जे मिक्सोझोआलाच धरतात. पुढे दोन-तीन तुकडे जोडून १,५०० बेसच्या आसपास लांबी झाली. दोन वेगळ्या माशांतल्या स्पोअरचा सिक्वेन्स तंतोतंत सारखा. ब्लास्टमध्ये वरचे सगळे सेराटोमिक्सा, सगळे समुद्रातल्या माशांतले, सगळ्यात जवळचा ९५.४ टक्के. माप पण वेगळं, मासा पण वेगळा. आज पहिल्यांदा वहीत "नवीन" शब्द प्रश्नचिन्हाशिवाय लिहिला.

जून-जुलै
मासेमारीची बंदी, पाऊस, पेपर तपासणी. खाडीत छोट्या जाळ्यांना थोडी मुडदुशी मिळत होती ती घेतली. बाकी चित्रं काढली. फोटो असले तरी रेखाचित्र लागतंच. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून, रोट्रिंग पेनाने, अकरावं चित्र बरं आलं.

सप्टेंबर, गणपतीनंतर
एकूण हिशोब: १३२ मासे (बाजारातले १४ सोडून), ३३ मध्ये परजीवी, म्हणजे २५ टक्के. इतका गोल आकडा आला की मलाच संशय, परत मोजलं, तेवढाच.

आता टाइप स्पेसिमेन, म्हणजे ज्या नमुन्यावर जातीचं नाव टेकतं तो. नवीन जातीला नाव देताना टाइप कुठला आणि कुठे ठेवलाय हे लिहावंच लागतं, आणि आपल्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नवीन प्राण्याचे नमुने ठरलेल्या संग्रहालयात द्यायचे असतात, प्राण्यांसाठी झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया. त्यांचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. कुरिअरवाल्याने 'अल्कोहोल' शब्द ऐकून पार्सल परत सरकवलं, दुसऱ्यानेही. शेवटी स्वतः गेले, गिम्साने रंगवलेल्या स्लाइड लाकडी पेटीत, पेटी साडीत गुंडाळलेली.

माझी चूक: एका स्लाइडवर हजार चंद्रकोरी, त्यातली टाइप कुठली? मी आमच्या मायक्रोस्कोपच्या व्हर्निअरचे आकडे लेबलवर लिहिले होते. दुसऱ्या मायक्रोस्कोपवर ते आकडे लावले की भलतीच जागा येते, कारण प्रत्येकाचं स्टेज वेगळं. तिथेच बसून परत शोधली आणि काचेवर शाईचा बारीक गोल केला. दीड तास. हे घरून करून जा.

सिक्वेन्स जेनबँकेत (सिक्वेन्सचा सार्वजनिक साठा) टाकले, पेपर छापून येईपर्यंत बंद ठेवायची सोय आहे, ती घ्या. झूबँकेत (प्राण्यांच्या नावांची नोंदवही) नोंद फुकट होते.

नावाबद्दल इतकंच, सेराटोमिक्सा व्याकरणात स्त्रीलिंगी, त्यामुळे पुढचं विशेषणही तसंच लागतं. गावावरून 'एन्सिस' लावलं तर पुल्लिंगी-स्त्रीलिंगी दोन्हीला तेच चालतं, लॅटिन न येणाऱ्यांनी तिथे आसरा घ्यावा. स्वतःचं नाव द्यायला नियमाने बंदी नाही पण लोक हसतात.

७ डिसेंबर
पाठवला.

१६ फेब्रुवारी २०२५
दोन रिव्ह्यूअर. पहिल्याच्या सगळ्या स्वल्पविरामाच्या सूचना. दुसऱ्याचा एकच प्रश्न, पण त्याने झोप उडाली. "यजमान मासा सिलॅगो सिहामाच आहे हे कशावरून ठरवलंत?" (यजमान म्हणजे परजीवी ज्यात राहतो तो, सिलॅगो सिहामा हे मी लिहिलेलं मुडदुशीचं शास्त्रीय नाव.)

कशावरून म्हणजे काय, मुडदुशी आहे! दांडीवर कुणालाही विचारा! पण तो बरोबर होता. आपण मुडदुशी म्हणतो त्यात सिलॅगोच्या एकाहून जास्त जाती येतात, बाहेरून सारख्याच दिसतात, आणि ओळखायची खरी खूण पोटातल्या हवेच्या फुग्याचा आकार. सिहामाच्या फुग्याला मागे दोन निमुळत्या शेपट्या असतात, शेपटाच्या भागापर्यंत गेलेल्या. आणि सिहामा हे नाव तरी फोर्स्कालने १७७५ मध्ये तांबड्या समुद्रातल्या माशाला दिलेलं, आपल्याकडच्यावर डोळे मिटून चिकटवायचं का हाही प्रश्न आहेच.

मी दीड वर्ष दर मुडदुशीचं पोट उघडलं, पित्ताची पिशवी काढली, आणि फुगा? फुगा आतड्याबरोबर बादलीत. मासा आईकडे. १३२ मासे, एकाचाही फुगा नाही, फोटोही धड नाहीत, एकाच्याही कल्ल्याचा तुकडा अल्कोहोलमध्ये नाही. माझा सगळा यजमान आम्ही कालवणात खाल्ला.

१ मार्च
दोन आठवडे रडून झाल्यावर रात्री अचानक आठवलं: त्या सहा ट्यूब. परजीवी नाही म्हणून ज्यांना शिव्या घातल्या त्या माशाच्याच डीएनएने भरलेल्या आहेत! आणि त्याच माशांच्या, ज्यांच्या चंद्रकोरी टाइप म्हणून पुण्यात बसल्यात. रात्री अकराला मैत्रिणीला फोन. ती म्हणाली, फ्रीझर डीफ्रॉस्ट करणार होतो शनिवारी.

८ मार्च
कोल्हापूर. सीओआय जीनसाठी (यावरून माशाची जात ओळखतात) माशांचे प्रायमर, सहापैकी पाच ट्यूब चालल्या, एक सुकलेली. पाचही सिक्वेन्स एकमेकांसारखे, सिहामाच्या भारतीय नोंदींशी जुळणारे. टाइपचा मासा वाचला.

२९ मार्च
पण ते पाचच. १३२ चं काय? काकांना सांगून चार खेपांत ४४ ताज्या मुडदुशी घेतल्या, यावेळी प्रत्येकीला नंबर, पट्टी ठेवून फोटो, पंखाचा तुकडा अल्कोहोलमध्ये, फुगा काढून फोटो, आणि मग पित्त. फुगा पाठीच्या कण्याला चिकटलेला असतो, मागच्या शेपट्या ओढल्या की तुटतात, पहिले पाच-सहा फाडले तेव्हा जमलं. लहान कात्रीने खालून सोडवत जायचं, ओढायचं नाही.

४४ पैकी ३७ सिहामा, ७ वेगळ्या, शेपट्यांचा आकार भलताच. ३७ पैकी १० मध्ये चंद्रकोर, त्या ७ मध्ये एकातही नाही. (सातच मासे आहेत, यावरून फार उड्या मारत नाहीये.) म्हणजे माझे जुने १३२ हे दोन जातींची भेळ होती आणि तो देखणा २५ टक्के आकडा फेकून द्यावा लागला. पेपरात आता फक्त ३७ पैकी १०.

१० मे
सुधारून पाठवला. खर्च, कुणाला करायचं असेल तर अंदाज यावा म्हणून: मासे ९,२००, किट १६,५००, प्रायमर २,४००, सिक्वेन्सिंग सगळं मिळून २४,२०० (यातले ६,६०० माशाची १८एस वाचण्याचे), कोल्हापूरच्या फेऱ्या ६,३००, पुणे २,६००, स्लाइड-तेल-अगार वगैरे ४,१००. एकूण ६५,३००. यातले कॉलेजने १०,००० दिले, बाकी पगार.

१७ मे
सकाळी दांडीवर काका भेटले. रापण आवरत होती, दोर सुकवायला टाकलेला. "काय गो, तुझ्या त्या किड्याक नाव पडला काय?" म्हंटलं अजून नाही काका, बाहेरचे दोघेजण बघतायत, ते हो म्हणाले की पडेल. "दोन वर्सां झाली मां? हय पोरगी झाली आणि बारश्याक दोन वर्सां लावली तर गावात काय म्हणतीत?" मग पाटीतून दोन मुडदुशी उचलून माझ्या पिशवीत टाकल्या आणि म्हणाले, "ह्यो फाडू नको. खा."

दोन्हीचे फुगे काढून ठेवलेत. एक सिहामा.